ठिणगीची वेळ आणि बोरघाटाची चढण

मोटारगाडीची खरी परीक्षा सपाटीवर होत नाहीं. ती चढणीवर होते. आमच्या मावळांतल्या लोकांस हें निराळें सांगावयास नको. खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही उंच नाहीं, आणि लोणावळें सुमारें ६२० मीटरांवर वसलेलें आहे. मधली सारी उंची बोरघाट थोड्याच मैलांत चढून जातो. सन १८३० मध्यें, सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असतांना, या घाटांतून चाकांच्या गाड्या जाण्याजोगा रस्ता खुला झाला, आणि सन २००२ पासून त्याच्या शेजारून द्रुतगति महामार्ग पूर्णपणें वाहूं लागला. आजच्या गाडीस ही चढण जाणवतही नाहीं. परंतु पन्नास-साठ वर्षांपूर्वीची एखादी दोन आसनांची वेगवान गाडी हौसेनें जतन करून या वाटेनें आणावी, म्हणजे पुष्कळदां असें होतें कीं, मुंबईच्या रस्त्यांवर निमूटपणें चालणारें तिचें एंजिन घाटांत खडखडूं लागतें. पत्र्याच्या डब्यांत खडे हालवावे तसा बारीक आवाज येतो, नाहीं तर तें अगदींच गळून जातें व खंडाळ्याच्या अलीकडेच पाणी उकळूं लागतें. या दोन्ही दुखण्यांचें मूळ अनेक वेळां एकच असतें; तें म्हणजे सिलिंडरांत पडणाऱ्या ठिणगीची चुकलेली वेळ. ही वेळ कां चुकते व ती कशी शोधून काढावी, हें विद्यार्थिमित्रांस समजावून सांगावें, असा आमचा हेतु आहे.

उदाहरणादाखल आम्ही एमजीबी नांवाची ब्रिटिश गाडी घेतों. ती सन १९६२ पासून १९८० पर्यंत बनत होती. तिचें १७९८ घनसेंटिमीटरचें एंजिन आपणांस परकें वाटण्याचें कारण नाहीं; कारण ज्या कुळांतलें तें आहे, त्याच कुळांतलें १४८९ घनसेंटिमीटरचें एंजिन आपल्या देशी अँबॅसडर गाडींत कित्येक वर्षें बसविलें जात होतें. एमजीबीच्या आधींची एमजीए ही गाडीही प्रथम १४८९ घनसेंटिमीटरच्याच एंजिनावर धांवत असे. त्यामुळें ज्या मिस्त्रीनें अँबॅसडरच्या टॅक्सीवर हात काळे केले आहेत, त्यास या गोऱ्या पाहुण्याचें पोट उघडतांना बिचकावें लागत नाहीं. अँबॅसडरचें उत्पादन मात्र २०१४ सालीं थांबलें, आणि तें एंजिन कानानें ओळखणारे कारागीरही आतां थोडे होत चालले आहेत. नव्या कारखान्यांतला मुलगा प्रथम विचारतो, "स्कॅनर कुठें लावायचा?" या गाडीस तो लावण्यास जागाच नाहीं! म्हणून ही विद्या कोठें तरी लिहून ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम मूळ तत्त्व पाहूं. दट्ट्या वर येऊन पेट्रोल व हवा यांचें मिश्रण दाबतो, आणि ठिणगी त्यास पेटवितें असें आपण म्हणतों. पण मिश्रण बंदुकीच्या दारूप्रमाणें एका क्षणांत उडत नाहीं. ज्वाला प्लगपासून निघून सिलिंडरभर पसरण्यास कांहीं सहस्रांश सेकंद लागतात. आणि दट्ट्यास खरा उपयोगी धक्का मिळावयाचा तर दाब सर्वांत अधिक होण्याची वेळ दट्ट्या शिखरावरून थोडा खालीं वळल्यावर, म्हणजे क्रँक सुमारें १२ ते १५ अंश पुढें गेल्यावर, यावी लागते. तेव्हां ठिणगी दट्ट्या शिखरावर पोंचण्याच्या आधींच पडली पाहिजे. ती किती आधीं पडावी, हें एंजिनाच्या वेगावर अवलंबून आहे. मिनिटास ८०० फेरे या वेगानें क्रँक एका सहस्रांश सेकंदांत सुमारें ५ अंश फिरतो; ३००० फेऱ्यांस तोच १८ अंश फिरतो. ज्वालेस दोन सहस्रांश सेकंद लागतात असें धरल्यास मंदगतींत १० अंश आधीं ठिणगी पुरेल, पण ३००० फेऱ्यांस ३६ अंश हवे होतील. प्रत्यक्षांत वेगाबरोबर मिश्रणांतली खळबळ वाढून तें अधिक लवकर जळतें, म्हणून इतके अंश लागत नाहींत; तथापि वाढत्या वेगाबरोबर ठिणगी अधिकाधिक आधीं पडली पाहिजे, हें मात्र निश्चित.

हें काम करणारें यंत्र म्हणजे डिस्ट्रिब्यूटर. क्रँकच्या निम्म्या वेगानें फिरणाऱ्या त्याच्या दांड्यावर चार कोनांचा एक कॅम असतो. तो कोन पॉइंटच्या टांचेस लागला म्हणजे पॉइंट उघडतात, कॉइलच्या आंतल्या वेटोळ्यांतला १२ व्होल्टचा प्रवाह एकाएकीं तुटतो, आणि दुसऱ्या वेटोळ्यांत हजारों व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन ठिणगी पडते. पॉइंट बंद होतांना नव्हे, उघडतांना ठिणगी पडते, हें वाचकांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें. पुढचें सारें यावरच उभें आहे. कॅमखालीं दोन लहान वजनें व दोन स्प्रिंगा असतात. वेग वाढला कीं वजनें बाहेर फांकतात व कॅमला थोडें पुढें ढकलतात. त्यामुळें पॉइंट लवकर उघडतात. याशिवाय बाजूस एक डबी असते. तिच्यांतला पातळ पडदा कार्बुरेटरकडून येणाऱ्या नळीच्या ओढीनें हलतो व गाडी हलक्या भारानें चालली असतां ठिणगी आणखी आधीं आणतो. अशा रीतीनें वेळ ठरविणारे तीन जण झाले: मूळ बसवणी, वजनें आणि व्हॅक्यूमचा पडदा. बिघाड शोधणें म्हणजे या तिघांपैकीं अपराधी कोण, हें ठरविणें होय.

ठिणगी फार लवकर पडली तर काय होतें? दट्ट्या अजून वर येत असतांनाच दाब चढूं लागतो. शेवटीं उरलेलें मिश्रण ज्वाला येण्याची वाट न पाहतां आपण होऊनच भडकतें, आणि तोच तो डब्यांतल्या खड्यांचा आवाज. आमच्याकडे यास 'गाडी नॉक मारते' असें म्हणतात. थोडा वेळ झालेला नॉक एंजिन सहन करतें. पण भरल्या घाटांत, पाय पुरता दाबून, मैल मैल तो चालूं दिला तर दट्ट्याचा माथा वितळून त्यास भोंक पडूं शकतें. उलट ठिणगी उशिरां पडली तर आवाज कांहींच होत नाहीं, आणि म्हणूनच हा दोष अधिक कपटी आहे. दट्ट्या खालीं पळत असतांना मागून ज्वाला त्याच्यामागें धांवते. जोर निघून जातो, आणि न वापरलेली उष्णता सिलिंडरच्या भिंतींत व एक्झॉस्टमध्यें जाते. गाडी जड चालते, पेट्रोल अधिक पिते आणि पाणी उकळतें.

आतां एक साखळी पाहा. जुन्या गाड्यांच्या बाबतींत ही वारंवार दिसते. घाटांत नॉक ऐकूं आला. मालकानें गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीनें डिस्ट्रिब्यूटर थोडा फिरवून ठिणगी उशिरां आणली. नॉक थांबला, सर्वांस आनंद झाला. पुढल्या खेपेस गाडी खंडाळ्याला पोंचण्यापूर्वीच तापली. मग रेडिएटर साफ झाला. पुन्हां तापली तेव्हां नवाच बसविला. नंतर पाण्याचा पंप. आणि अखेरीस कोणी शहाण्यानें सांगितलें कीं एंजिनच थकलें आहे, तें बदलून टाका. वस्तुतः दोष होता डिस्ट्रिब्यूटरमधल्या एका सैल झालेल्या स्प्रिंगचा. स्प्रिंग सैल म्हणून वजनें फार लवकर फांकत, म्हणून मध्यम वेगांत ठिणगी अति लवकर पडे, म्हणून नॉक. मूळ बसवणी मागें घेतल्यानें मध्यम वेगाचा नॉक गेला खरा, पण इतर सर्व वेगांत ठिणगी उशिराची झाली. लक्षणावर औषध दिलें, रोगावर दिलें नाहीं, आणि चांगलें एंजिन भंगारांत जाण्याची वेळ आली. असें मूळचें एंजिन एकदां गेलें म्हणजे तसें दुसरें मिळविणें किती कठीण, हें जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांसच ठाऊक.

म्हणून तपासणीचा क्रम सोडूं नये. डिस्ट्रिब्यूटरला हात लावण्यापूर्वीं दोष वेळेचाच आहे कीं काय, हें पाहावें. लोणावळें-खंडाळ्यास वर्षाकाठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. धुकें तर खिडकींतून घरांत येतें. अशा दमट हवेंत डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणांत आंतून दंव धरतें आणि ठिणगी प्लगकडे न जातां आडवाटेनें पळते. गाडी अशा वेळीं 'मिसिंग' मारते. अधून मधून एखादा ठोका चुकतो. नॉक निराळा, मिसिंग निराळें. टोपण काढून कोरड्या फडक्यानें पुसावें, आंत केंसासारखी काळी रेघ दिसल्यास तें टोपण टाकून द्यावें. तसेंच पॉइंटवर ठळक निळी ठिणगी नाचत असेल व ते जळून काळे पडले असतील तर कंडेन्सर पाहावा. आणि चढणीवर गाडी मोठ्या गिअरमध्यें रडतखडत नेल्यानें येणारा नॉक हा यंत्राचा दोषच नव्हे, तो हांकणाराचा! तेथें औषध एकच: गिअर खालीं घ्यावा.

यानंतर पॉइंटमधलें अंतर. हें वेळेच्या आधीं कां, असें कोणी विचारील. कारण अंतर बदललें कीं वेळ आपोआप बदलते. टांच झिजली म्हणजे अंतर कमी होतें, पॉइंट उशिरां उघडतात, ठिणगी मागें पडते. अंतर वाढविलें तर ती पुढें येते. म्हणून आधीं वेळ लावून मग अंतर नीट करणारा मनुष्य आपलें केलेलें काम आपणच पुसून टाकतो. एमजीबीच्या डिस्ट्रिब्यूटरमध्यें, कॅमचा कोन टांचेवर पुरता आला असतां, अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावें. फीलर गेज घालतांना पॉइंट सपाट आहेत ना हें पाहावें. एकावर उंचवटा व दुसऱ्यावर खळगा झाला असेल तर पट्टी उंचवट्यावर टेकते आणि खोटें माप देते. चारी कोनांवर माप घ्यावें. तें कोनागणिक बदलत असेल तर दांड्याच्या बुशा झिजल्या आहेत, दांडा डगमगतो आहे, असें समजावें. मग बाहेरून कितीही कसरत केली तरी वेळ स्थिर राहणार नाहीं.

आतां मूळ बसवणी. चारही प्लग काढावेत म्हणजे एंजिन हातानें सहज फिरतें. पहिल्या सिलिंडरच्या भोंकावर आंगठा ठेवून, गाडी मोठ्या गिअरमध्यें घालून हळूहळू पुढें ढकलावी. आंगठा हवेनें उचलूं लागला म्हणजे तो सिलिंडर दाबाच्या फेऱ्यांत आहे असें समजावें. ही खूण अवश्य पाहावी. कारण पहिला व चौथा दट्ट्या नेहमीं जोडीनें वर येतात, आणि चौथ्याची वेळ पहिल्याची म्हणून लावल्यास गाडी मुळींच सुरू होत नाहीं, नाहीं तर कार्बुरेटरमधून बार काढते. ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे. क्रँकच्या पुलीवर एक खांच व तिच्यासमोर स्थिर कांटे असतात. सर्वांत लांब कांटा म्हणजे शिखर. आरंभीच्या गाड्यांत हे कांटे पुलीच्या खालच्या अंगास असल्यामुळें गाडीखालीं निजून पाहावें लागतें. या एंजिनांस, उच्च दाबाच्या नमुन्यांत, शिखरापूर्वीं १० अंश ही बसवणी सांगितलेली आहे. खांच तेथें आणावी. चुकून पुढें गेल्यास नुसतीच मागें आणूं नये. पुष्कळ मागें घेऊन पुन्हां पुढें आणावी, म्हणजे साखळीची ढिलाई एकाच अंगास राहते.

मग १२ व्होल्टचा एक साधा दिवा घ्यावा. त्याची एक तार डिस्ट्रिब्यूटरच्या बाजूस असलेल्या लहान टोंकास व दुसरी गाडीच्या अंगास लावावी, आणि इग्निशनची किल्ली फिरवावी. पॉइंट मिटलेले असतील तोंवर प्रवाह त्यांतूनच जमिनीस मिळतो व दिवा विझलेला राहतो; ते उघडतांच दिवा लागतो. या एंजिनांत रोटर डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरतो. डिस्ट्रिब्यूटरचा पट्टा सैल करून त्याचें अंग प्रथम त्याच दिशेनें, दिवा विझेपर्यंत फिरवावें. नंतर घड्याळाच्या दिशेनें केंसाकेंसानें फिरवीत न्यावें. दिवा लागला त्या क्षणीं थांबून पट्टा आवळावा. रोटरच्या उलट दिशेस अंग फिरविलें कीं ठिणगी आधीं येते, एवढें सूत्र लक्षांत ठेवलें म्हणजे घोंटाळा होत नाहीं. किल्ली चालू ठेवून गप्पा मारीत बसूं नये, कॉइल तापते. बारीक फेरफारासाठीं जुन्या डिस्ट्रिब्यूटरला एक खांचेदार चाकी असते. ती किटकिट वाजते, आणि सुमारें ११ किटकिटींनीं वेळ एक अंशानें सरकते. हल्लीच्या यंत्रांत इतका रसिक स्क्रू आम्हांस कोठें दिसला नाहीं.

इतकें झालें तरी केवळ मूळ बसवणी ठीक झाली. वजनें व पडदा यांची साक्ष अजून बाकी आहे. रोटर हातानें त्याच्या फिरण्याच्या दिशेस पिळून सोडावा. तो झटकन जागीं परत आला पाहिजे. तसाच अडून राहिला तर आंत गंज आहे व वजनें मोकळीं होत नाहींत; अशी गाडी मंदगतींत उत्तम आणि वेगांत मुर्दाड असते. पडद्यासाठीं नळी काढून तोंडानें हवा ओढावी व जीभ लावून धरावी. ओढ टिकली तर पडदा शाबूत, सुटली तर फाटलेला. येथें घाट आपणांस एक मोलाचा पुरावा देतो. चढणीवर पाय पूर्ण दाबला असतां नळींतली ओढ जवळजवळ नाहींशी होते व पडदा कामांतून बाजूस होतो. म्हणून पूर्ण भाराखालीं येणाऱ्या नॉकचा आळ पडद्यावर घेतां येत नाहीं. तेथें बसवणी किंवा वजनेंच पाहावीं. उलट कामशेतच्या सपाट रस्त्यावर हलक्या पायानें जातांना नॉक येत असेल तर पडद्याची डबी चुकीची आहे कीं काय, हें पाहावें.

शेवटची व निर्णायक साक्ष झगझगीत टायमिंग-दिव्याची. पहिल्या प्लगच्या तारेस तो जोडला म्हणजे प्रत्येक ठिणगीबरोबर क्षणभर चमकतो, आणि फिरती खांच जागच्या जागीं थांबलेली दिसते. व्हॅक्यूमची नळी काढून तिचें तोंड बंद करावें. या एंजिनांस मिनिटास ६०० फेऱ्यांच्या सुमारास १४ अंश दिसावेत. वेग वाढवीत नेला म्हणजे खांच सारख्या गतीनें पुढें सरकली पाहिजे. ती एकदम उडी मारील तर स्प्रिंग सैल. मुळींच न हलेल तर वजनें अडलेलीं. थरथरून दोन दोन दिसेल तर बुशा झिजलेल्या. मुलांनीं एक धोका विसरूं नये: त्याच प्रकाशांत पंखाही कधीं कधीं थांबलेला दिसतो, आणि तो थांबलेला नसतो. बाह्या सरसावून, गळ्यांतलें कांहीं लोंबत न ठेवतां हें काम करावें. सन १९६७ पर्यंतच्या एमजीबी गाड्यांत बॅटरीचें धन टोंक जमिनीस जोडलेलें असे; तेथें दिव्याच्या तारा उलट लावाव्या लागतात. पुलीवरची खूणही खोटें बोलूं शकते, कारण कांहीं एंजिनांत पुलीचें बाहेरचें कडें रबरावर बसविलेलें असतें आणि रबर म्हातारें झालें कीं तें सरकतें. संशय आल्यास प्लगच्या भोंकांतून बोथट अडसर घालून एंजिन हातानें दोन्ही बाजूंनीं त्यास अलगद टेकवावें, पुलीवर दोन खुणा कराव्यात आणि त्यांचा मध्य काढावा; तेंच खरें शिखर.

दोन गोष्टी यंत्राबाहेरच्या आहेत. लोणावळ्याच्या उंचीवर हवेचा दाब मुंबईपेक्षां सुमारें सात टक्क्यांनीं कमी असतो. सिलिंडरांत हवा कमी भरते म्हणून नॉकही कमी होतो. त्यामुळें लोणावळ्यांत नुसत्या कानानें, नॉक येईपर्यंत पुढें नेऊन लावलेली गाडी मुंबईस उतरल्यावर खडखडूं शकते. अंशांनीं लावलेली सहसा खडखडत नाहीं. दुसरी गोष्ट पेट्रोलची. शिसें घातलेलें पेट्रोल आपल्या देशांत सन २००० मध्यें बंद झालें, आणि २०२५ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल सर्वत्र रूढ झालें. इथेनॉल नॉकला विरोध करतें, हें गाडीच्या फायद्याचें; पण त्यास जळण्यास हवा कमी लागते, म्हणून जुन्या कार्बुरेटरमधून होणारें मिश्रण विरळ पडतें. विरळ मिश्रणाचीं लक्षणें, म्हणजे अडखळणें, तापणें, कार्बुरेटरमधून शिंकणें, हीं वेळ चुकल्यासारखींच भासतात. टायमिंग-दिव्यानें वेळ बरोबर दाखविली व तरी गाडी अडखळली, तर मग कार्बुरेटरकडे वळावें, त्याआधीं नव्हे. जुन्या रबराच्या नळ्याही याच पेट्रोलानें नरम पडतात, त्या बदलाव्यात.

सर्व लावून झाल्यावर चाचणी थेट घाटांत करूं नये. गाडी तेथें बंद पडली तर धुक्यांत मागून येणाऱ्या ट्रकास ती दिसेलच असें नाहीं. लोणावळ्याकडून वडगांवकडे जुन्या रस्त्यानें सकाळीं वर्दळ नसतांना जावें. एंजिन चांगलें तापल्यावर मोठ्या गिअरमध्यें ताशीं ५० किलोमीटरच्या वेगावरून पाय पूर्ण दाबावा. क्षणभर पुसटसा नॉक येऊन वेगाबरोबर तो विरला तर बसवणी योग्य. तो टिकून राहिला तर चाकीच्या दहाबारा किटकिटी मागें घ्याव्यात व पुन्हां पाहावें. दोन-तीन अंश मागें घेऊनही तो जाईना, तर हट्ट सोडून पुन्हां वजनें व स्प्रिंगा यांकडे जावें. मग पट्ट्याचा बोल्ट एकवार आवळून, पॉइंटचें अंतर, मंदगतीचे व वेगांतले अंश आणि त्या दिवशींचें मीटरवाचन वहींत टिपून ठेवावें, आणि गाडी खोपोलीस उतरवून, थंडगार सकाळीं, भरल्या टांकीनें घाट चढून यावें.